पासथ्रू पुन्हा बिघडला? जुन्या लिनक्स मशीनवर काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

जुना डेस्कटॉप, त्यावर लिनक्स, केव्हीएममध्ये (लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) एक व्हर्च्युअल मशीन म्हणजे व्हीएम, आणि त्या व्हीएमच्या हाती थेट सोपवलेलं एखादं खरं कार्ड: ग्राफिक्स, साउंड, नेटवर्क नाहीतर यूएसबी कंट्रोलर. ही मांडणी, म्हणजेच पासथ्रू, एकदा जमली की महिनोन्‌महिने निमूट चालते आणि मग एके दिवशी अडून बसते. हा बिघाड मी इतक्यांदा दुरुस्त केलाय की लक्षण ऐकलं की कुठे हात घालायचा याचा अंदाज येतो. सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो एकाच गोष्टीत. लोक आधी व्हीएमच्या सेटिंगमध्ये शिरतात. जुन्या मशीनवर दोष बहुतेकदा त्याच्या खालच्या थरात असतो: बायोस, चिपसेट किंवा स्लॉटमध्ये.

कमांड आणि संदेश खाली उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाइप करायचे.

लक्षणं

- व्हीएम सुरूच होत नाही आणि लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) म्हणतो की हा होस्ट (म्हणजे खरं मशीन) पीसीआय पासथ्रूला सपोर्ट करत नाही. दोष बायोस, कर्नलचे पर्याय किंवा मुळात हार्डवेअर यांपैकी एकात आहे. व्हीएमच्या एक्सएमएलला (तिच्या सेटिंगच्या फाइलला) हात लावू नका.
- "ग्रुप इज नॉट व्हायेबल". कार्ड ज्या ग्रुपमध्ये (एकत्रच सोपवायच्या डिव्हाइसच्या गटात) येतं त्यातलं दुसरं एखादं डिव्हाइस अजून होस्टच्या ताब्यात आहे.
- "ऑपरेशन नॉट परमिटेड", तेही रूट म्हणून चालवताना. इंटरप्ट रीमॅपिंगकडे (कार्डांकडून प्रोसेसरला येणाऱ्या इशाऱ्यांवरच्या नियंत्रणाकडे) बघा.
- "कॅनॉट अलोकेट मेमरी". हा बऱ्याचदा शब्दशः खरा असतो.
- व्हीएम चालू दिसते, पण मॉनिटर काळा. कार्डाचा रॉम (ते सुरू करणारा त्यातलाच प्रोग्राम), यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) किंवा होस्टचा फ्रेमबफर (पडद्यावरच्या चित्राची मेमरी).
- विंडोज गेस्टमध्ये (म्हणजे व्हीएममधल्या विंडोजमध्ये) कार्ड दिसतं, पण पिवळा त्रिकोण आणि कोड ४३.
- होस्ट सुरू केल्यावर पहिल्या वेळी सगळं नीट. व्हीएम बंद करून परत सुरू केली की कार्ड मेलेलं. हा रीसेटचा रोग.
- काल चालत होतं, आज नाही. सर्वांत जास्त तक्रारी याच असतात आणि त्यांचं उत्तर सहसा सर्वांत स्वस्त असतं.

आधी बॅटरी, मग बाकीचं

मशीन आठ-दहा वर्षांचं असेल आणि पासथ्रू अचानक बंद पडला असेल, तर पहिला संशय मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सीआर२०३२ बॅटरीवर घ्या. ती संपली की वीज गेल्यावर बायोस आपल्या मूळ सेटिंगवर परत जातो. जुन्या बहुतेक बोर्डांवर मूळ सेटिंगमध्ये आयओएमएमयू (पासथ्रूला लागणारी सोय, इंटेलकडे तिचं नाव व्हीटी-डी) बंद असतो. म्हणजे तुम्ही लिनक्समध्ये काहीच बदललेलं नाही, तरी पायाच काढून घेतला गेलाय.

ओळखायचं कसं? बायोसच्या स्क्रीनवरचं घड्याळ बघा. लिनक्समधलं घड्याळ बघून उपयोग नाही, कारण नेटवर्क मिळालं की ते स्वतःला दुरुस्त करून घेतं. बायोसमधली तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर बॅटरी बदला. मल्टिमीटर असेल तर मोजा: नवी बॅटरी ३ व्होल्ट किंवा किंचित वर दाखवते, २.७ च्या आसपास आली की तिच्यावर भरवसा ठेवू नका. बदलताना पॉवर केबल काढून ठेवा.

मग बायोसमध्ये जाऊन दोन वेगळ्या गोष्टी चालू करा. व्हीटी-एक्स किंवा एएमडीचा एसव्हीएम हा सहसा सीपीयूच्या मेनूत असतो. व्हीटी-डी किंवा आयओएमएमयू मात्र चिपसेट, नॉर्थ ब्रिज किंवा सिस्टीम एजंट अशा नावाच्या दुसऱ्याच मेनूत दडलेला असतो. पहिला चालू असला की व्हीएम चालते, त्यामुळे "व्हर्च्युअलायझेशन तर चालू आहे" असं वाटत राहतं. पासथ्रूला दुसराच लागतो. सेव्ह केल्यावर मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. काही बोर्डांवर नुसत्या रीस्टार्टने हा बदल लागू होत नाही.

कर्नल खरोखर कोणत्या पर्यायांनी सुरू झालाय?

ग्रबच्या (मशीन सुरू करणाऱ्या बूटलोडरच्या) फाइलमध्ये तुम्ही काय लिहिलंय हे महत्त्वाचं नाही. चालू कर्नलला काय मिळालं ते महत्त्वाचं, आणि ते /प्रॉक/सीएमडीलाइन या फाइलमध्ये दिसतं. इंटेल मशीनवर तिथे इंटेल_आयओएमएमयू=ऑन हवं. नसेल तर कारणं नेहमीची: फाइल बदलली पण ग्रब अपडेट केला नाही, थेट तयार झालेल्या ग्रब-सीएफजीमध्ये लिहिलं आणि पुढच्या कर्नल अपडेटने ती फाइल नव्याने लिहिली, किंवा मशीन ग्रबऐवजी सिस्टमडी-बूटने सुरू होतंय आणि तुम्ही भलत्याच फाइलला हात लावताय.

एएमडीवर वेगळा पर्याय द्यावा लागत नाही. बायोसने योग्य टेबल दिलं की एएमडीचा आयओएमएमयू ड्रायव्हर आपोआप चालू होतो. एएमडी_आयओएमएमयू=ऑन ही ओळ इकडून तिकडे चिकटवली जाते, पण कर्नल ती किंमत ओळखतच नाही. आयओएमएमयू=पीटी हा पर्याय होस्टकडे राहणाऱ्या डिव्हाइसचा वेग टिकवायला आहे. बंद पडलेला पासथ्रू त्याने चालू होत नाही.

मशीनमध्ये ते हार्डवेअर आहे का?

ही पायरी फुकट आहे, दोन मिनिटांची आहे, आणि हीच सगळ्यात जास्त लोक वगळतात.

आयओएमएमयू म्हणजे कार्ड आणि मेमरी यांच्या मध्ये उभा असलेला रखवालदार. एरवी पीसीआय कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहितं-वाचतं. ते कार्ड व्हीएमला दिलं की व्हीएम त्याला आपल्या दृष्टीने खरे, पण प्रत्यक्षात खोटे पत्ते सांगते. ते पत्ते खऱ्या पत्त्यांत बदलणं आणि कार्डाला इतरांच्या मेमरीत शिरू न देणं हे काम आयओएमएमयू करतो. सॉफ्टवेअरने त्याची भरपाई होत नाही.

सीपीयूइन्फोमध्ये व्हीएमएक्स किंवा एसव्हीएम दिसलं म्हणून समाधान मानू नका. ती खूण फक्त व्हीएम चालवण्याच्या क्षमतेची आहे. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) "डीएमएआर: आयओएमएमयू एनेबल्ड" दिसलं तरी नाही! ही ओळ कर्नल तुम्ही दिलेला पर्याय वाचतानाच छापतो. हार्डवेअर असो वा नसो, ती येते. या एका ओळीवर विश्वास ठेवून लोकांनी अख्खे शनिवार-रविवार घालवलेत.

भरवशाच्या खुणा दोन. /सिस/फर्मवेअर/एसीपीआय/टेबल्स या फोल्डरमध्ये इंटेलवर डीएमएआर किंवा एएमडीवर आयव्हीआरएस नावाची फाइल आहे का ते बघा. नसेल तर बायोसने कर्नलला आयओएमएमयूबद्दल काही सांगितलेलंच नाही. दुसरी, /सिस/कर्नल/आयओएमएमयू_ग्रुप्स. हा फोल्डर रिकामा असेल तर पासथ्रू नाही, मग डीमेसेज काहीही म्हणो.

जुन्या प्रोसेसरमध्ये इथे एक गंमत आहे. २०११ च्या सँडी ब्रिज पिढीत साध्या आय५-२५०० आणि आय७-२६०० मध्ये व्हीटी-डी आहे, पण त्यांच्याच महागड्या, ओव्हरक्लॉक होणाऱ्या २५००के आणि २६००के मध्ये नाही. पुढे ३५७०के, ३७७०के, ४६७०के, ४७७०के यांचंही तेच. २०१४ मध्ये ४६९०के आणि ४७९०के आले तेव्हा ही उणीव भरून निघाली. म्हणून "माझा प्रोसेसर तर त्या मालिकेतला सर्वांत वरचा आहे" हा युक्तिवाद इथे उलटा पडतो. कोअर २ च्या काळात तर ही सोय प्रोसेसरमध्ये नव्हतीच. ती क्यू३५, एक्स३८, क्यू४५ अशा मोजक्या चिपसेटमध्ये होती. एएमडीकडे एएम३ आणि एएम३+ बोर्डांत ८९०एफएक्स आणि ९९०एफएक्स चिपसेट पाहावे. तरीही बोर्ड बनवणाऱ्याने बायोसमध्ये तो पर्याय दिलाय की नाही हे बोर्डागणिक बदलतं.

प्रोसेसर किंवा चिपसेटमध्येच सोय नसेल तर इथेच थांबा. कोणताही कर्नल, कोणताही पॅच ती आणून देणार नाही. मग विचार असा करा की पासथ्रू खरंच हवा होता का. यूएसबी प्रिंटर, स्कॅनर, डाँगल यांच्यासाठी अख्खा पीसीआय कंट्रोलर द्यायची गरज नसते; फक्त ते यूएसबी डिव्हाइस व्हीएमला जोडता येतं आणि त्याला आयओएमएमयू लागत नाही. डिस्कसाठी व्हर्टआयओवर (व्हीएमसाठीच बनवलेल्या आभासी हार्डवेअरवर) सबंध ब्लॉक डिव्हाइस देता येतं. नेटवर्कसाठी ब्रिज आणि व्हर्टआयओ कार्ड बहुतेक कामांना पुरतं. उरतं ते ग्राफिक्स. त्याला मशीन बदलण्यावाचून किंवा ड्युअल बूट करण्यावाचून खरा पर्याय नाही.

मेमरी

थोडक्यात सांगतो. साध्या व्हीएमला ६ जीबी "दिली" तरी होस्ट गरजेनुसारच ती खर्च करतो. पासथ्रू कार्ड लावलं की तसं राहत नाही. कार्ड कोणत्याही क्षणी कोणत्याही पत्त्यावर लिहू शकतं, म्हणून व्हीएमची सगळी मेमरी सुरुवातीलाच घेऊन जागेवर खिळवली जाते. तिचा स्वॅप होत नाही, बलूनही (व्हीएमकडून मेमरी परत घेण्याची युक्ती) चालत नाही. ८ जीबीच्या मशीनवर ७ जीबीची व्हीएम आधी चालत होती आणि कार्ड लावल्यावर होस्टच गोठतो, याचं कारण हेच. व्हीएमची मेमरी निम्मी करून बघा. चाललं तर निदान झालं. क्यूईएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) साध्या यूजरने थेट चालवत असाल तर यूलिमिट -एल ने मेमलॉकची (खिळवता येणाऱ्या मेमरीची) मर्यादाही तपासा. सिस्टीम लिबव्हर्ट ती स्वतः वाढवून घेतो.

कार्ड कोणाच्या ताब्यात आहे?

एलएसपीसीआय -एनएनके चालवा आणि आपल्या कार्डाखालची "कर्नल ड्रायव्हर इन यूज" ही ओळ वाचा. तिथे व्हीएफआयओ-पीसीआय (व्हीएमसाठी कार्ड राखून ठेवणारा ड्रायव्हर) हवं. नूव्हो, रेडिऑन, एनव्हीडिया किंवा एसएनडी_एचडीए_इंटेल दिसत असेल तर होस्टने कार्ड आधीच उचललंय. ग्राफिक्स कार्ड म्हणजे किमान दोन डिव्हाइस असतात हे लक्षात ठेवा: शून्य क्रमांकाचं फंक्शन चित्राचं, एक क्रमांकाचं एचडीएमआय आवाजाचं. दोन्ही द्यावी लागतात आणि दुसरं हमखास विसरलं जातं.

हे का बिघडत राहतं? कारण इथे शर्यत असते. बूट होताना जो ड्रायव्हर आधी पोचेल तो कार्ड घेतो. कर्नल अपडेट झाला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर इनिट्रॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीलाच लोड होणाऱ्या फाइलींच्या गाठोड्यात) आला, की काल जिंकणारा व्हीएफआयओ आज हरतो. त्यावर दोन उपाय एकत्र करा. व्हीएफआयओ-पीसीआय इनिट्रॅमएफएसमध्ये घाला, आणि मॉडप्रोबच्या फाइलमध्ये सॉफ्टडेप लिहून ग्राफिक्स ड्रायव्हरच्या आधी व्हीएफआयओ लोड होईल असं बजावा. त्यानंतर इनिट्रॅमएफएस पुन्हा बांधायला विसरू नका. फाइल बदलून नुसतं रीबूट केल्याने काही होत नाही.

जुन्या मार्गदर्शकांत मॉड्यूलच्या यादीत व्हीएफआयओ_व्हर्कएफडी असतं. कर्नल ६.२ पासून ते वेगळं मॉड्यूल उरलेलं नाही, मुख्य व्हीएफआयओत मिसळलंय. यादीत राहिलं तर इनिट्रॅमएफएस बांधताना "सापडलं नाही" अशी तक्रार येते. ती ओळ काढून टाका, बस.

दोन एकसारखी कार्डं असतील आणि एक होस्टला ठेवायचं असेल तर व्हेंडर आयडीने बांधू नका, दोन्ही जातील. ड्रायव्हर_ओव्हरराइड वापरून पत्त्याने बांधा. पण पत्ताही कायमचा नसतो. मशीनमध्ये एखादं कार्ड घातलं, काढलं, किंवा बायोसमधून बोर्डावरचा एखादा कंट्रोलर बंद केला, की पुढच्या बसचे क्रमांक सरकतात. कालचं ०२:००.० आज ०३:००.० होतं आणि व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये जुनाच पत्ता राहतो. नशीब वाईट असेल तर त्या पत्त्यावर आता होस्टचं नेटवर्क कार्ड असतं आणि व्हीएम सुरू करताच रिमोट लॉगिन तुटतं. हार्डवेअर हलवलं की पत्ते पुन्हा वाचायचे, हा नियमच करून टाका.

इंटरप्ट रीमॅपिंग

ग्रुप दिसतात, कार्ड व्हीएफआयओकडे आहे, तरी "ऑपरेशन नॉट परमिटेड". आता डीमेसेजमध्ये इंटरप्ट रीमॅपिंगबद्दल काय लिहिलंय ते शोधा.

इंटेलच्या एक्स५८, ५५०० आणि ५५२० चिपसेटच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत इंटरप्ट रीमॅपिंग सदोष होतं. कर्नल ते ओळखतो, तसा संदेश देतो आणि ती सोय बंद करतो. एएमडीच्या जुन्या बोर्डांवर दुसरी तऱ्हा: आयव्हीआरएस टेबलमध्ये एखाद्या आयओएपीआयसीची (इंटरप्ट वाटणाऱ्या कंट्रोलरची) नोंदच नसते, आणि कर्नल "फर्मवेअर बग" म्हणून रीमॅपिंग बंद करतो. एएमडीच्या बाबतीत आधी बायोस अपडेट आहे का बघा. नसेल तर आयव्हीआरएस_आयओएपीआयसी हा कर्नल पर्याय देऊन गाळलेली नोंद हाताने भरता येते.

दोन्हींतून मार्ग नसेल तर व्हीएफआयओ_आयओएमएमयू_टाइप१ या मॉड्यूलला अलाउ_अनसेफ_इंटरप्ट्स=१ द्यायचं. नावातच इशारा आहे. रीमॅपिंग नसलं की दुष्ट गेस्ट आपल्या कार्डाकरवी होस्टकडे बनावट इंटरप्ट पाठवू शकतो. गेस्ट तुमचाच, मशीन तुमचंच, तर माझ्या मते हा धोका पत्करायला हरकत नाही. व्हीएम दुसऱ्या कोणाला वापरायला देत असाल तर मात्र नाही.

ग्रुप आणि स्लॉट

आता स्क्रू-ड्रायव्हर घ्यायची वेळ.

आयओएमएमयू डिव्हाइसना गटागटाने ओळखतो. एका गटातली डिव्हाइस एकमेकांशी परस्पर बोलू शकतात, म्हणून गट फोडून अर्धा व्हीएमला आणि अर्धा होस्टला देता येत नाही. गटातली सगळी डिव्हाइस व्हीएफआयओकडे हवीत किंवा त्यांना ड्रायव्हरच नको. फक्त पीसीआय ब्रिज आणि रूट पोर्ट यांना सूट आहे. त्यांना व्हीएफआयओला बांधू नका, तो प्रयत्न करणारे बरेच भेटतात.

जुन्या डेस्कटॉपवर गट मोठे का असतात? पीसीआय एक्स्प्रेसमध्ये एसीएस नावाची सोय आहे. एका पोर्टाकडून दुसऱ्याकडे जाणारी वाहतूक आधी वर, आयओएमएमयूपर्यंत न्यायची, अशी सक्ती ती करते. साध्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या रूट पोर्टवर ती नसते, त्यामुळे प्रोसेसरला थेट जोडलेले दोन्ही लांब स्लॉट एकाच गटात येतात. झिऑन ई५ आणि त्याच घराण्यातल्या मोठ्या प्रोसेसरवर ती असते. म्हणून दहा वर्षं जुनं वर्कस्टेशन या कामात त्याच वयाच्या गेमिंग पीसीपेक्षा सरस ठरतं.

उपाय: कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवा. खालचे स्लॉट बहुधा चिपसेटकडून येतात. इंटेलच्या बऱ्याच चिपसेटच्या पोर्टांसाठी लिनक्समध्ये खास अपवाद लिहिलेले आहेत, त्यामुळे तिथले गट सुटे दिसतात. लेन कमी मिळतात, ग्राफिक्सचा वेग थोडा उतरतो, पण मांडणी स्वच्छ राहते. किंवा उलट करा: व्हीएमचं कार्ड वर ठेवा आणि त्याच्या गटात येणारं होस्टचं कार्ड खाली न्या.

जुन्या, पांढऱ्या पीसीआय स्लॉटमधलं साउंड किंवा सीरियल कार्ड द्यायचं असेल तर अपेक्षा कमी ठेवा. एक्स्प्रेस-टू-पीसीआय ब्रिजच्या मागची सगळी कार्डं आयओएमएमयूला एकाच नावाने दिसतात. ती सगळी एका गटात राहणार, स्लॉट बदलून फरक पडत नाही. ब्रिजमागे ते एकटंच कार्ड असेल तर मात्र चालतं.

एसीएस ओव्हरराइड पॅचबद्दल विचारणा होतेच. हा पॅच मुख्य कर्नलमध्ये कधीच घेतला गेला नाही आणि त्याला कारण आहे: तो गट प्रत्यक्षात वेगळे करत नाही, वेगळे आहेत असं कर्नलला सांगतो. डिव्हाइसमधली परस्पर वाहतूक चालूच राहू शकते. ती चुकीच्या मेमरीत गेली तर होस्टची डिस्क खराब होण्यापर्यंत मजल जाते. शिवाय प्रत्येक कर्नल अपडेटला पॅच केलेला कर्नल लागतो, म्हणजे "पुन्हा बिघडलं" याचं आणखी एक निमित्त. प्रयोगाच्या मशीनवर करा. ज्यावर कामाचा डेटा आहे तिथे मी तो लावत नाही.

आणखी एक. आयओएमएमयू चालू केल्याबरोबर होस्टच्याच डिस्क गायब झाल्या आणि डीमेसेजमध्ये डीएमएआर फॉल्ट दिसू लागले, तर त्या काळच्या काही अतिरिक्त साटा कंट्रोलरचा हा ओळखीचा दोष आहे. ते डीएमए (थेट मेमरीत लिहिणं-वाचणं) करताना स्वतःचा पत्ता चुकीचा सांगतात आणि आयओएमएमयू त्यांना अडवतो. ठाऊक असलेल्या बऱ्याच चिपसाठी नव्या कर्नलमध्ये दुरुस्ती आहे. नाहीतर डिस्कची केबल मुख्य चिपसेटच्या पोर्टला लावा.

काळा पडदा

मशीन सुरू होताना ज्या कार्डावर बायोस चित्र दाखवतो ते कार्ड व्हीएमला देणं सर्वांत कठीण. त्याचा रॉम बूटमध्ये वापरून झालेला असतो, आणि होस्टचा फ्रेमबफर त्याच्या मेमरीवर बसलेला असतो. डीमेसेजमध्ये "इनव्हॅलिड पीसीआय रॉम हेडर" किंवा "बार कॅनॉट रिझर्व्ह" अशा ओळी दिसतात. सोपा उपाय बायोसमध्येच आहे: प्राथमिक डिस्प्ले म्हणून प्रोसेसरमधलं ग्राफिक्स किंवा दुसरं कार्ड निवडा. तो पर्याय नसेल तर दोन्ही कार्डांचे स्लॉट अदलाबदल करा. मग व्हिडिओ=ईएफआयएफबी:ऑफ हा कर्नल पर्याय द्या. हा पर्याय नव्या कर्नलवर निष्प्रभ झालाय, कारण फ्रेमबफर बसवण्याची पद्धतच बदलली. तिथे इनिटकॉल_ब्लॅकलिस्ट=सिसएफबी_इनिट लागतो. तेही पुरेना झालं तर कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये दुय्यम म्हणून लावून त्याचा रॉम उतरवून घ्या आणि तो फाइल म्हणून व्हीएमला द्या. इंटरनेटवर मिळालेला, दुसऱ्याच्या कार्डाचा रॉम देऊ नका.

हे सगळं ठीक असून पडदा काळाच, तर कार्डाचं वय बघा. ओव्हीएमएफ, म्हणजे व्हीएममधलं यूईएफआय, फक्त यूईएफआय जाणणाऱ्या रॉमचं कार्ड सुरू करू शकतं. साधारण २०१२ च्या आधीच्या बहुतेक कार्डांच्या रॉममध्ये तो भाग नाही. रॉम-पार्सर नावाच्या छोट्या साधनाने रॉम तपासा: टाइप ३ दिसला तर यूईएफआय आहे, फक्त टाइप ० दिसला तर नाही. नसेल तर व्हीएम सीबायोसवर (व्हीएममधला जुन्या पद्धतीचा बायोस) चालवा आणि एक्स-व्हीजीए चालू करा. मात्र आधी यूईएफआयवर बसवलेलं विंडोज सीबायोसवर तसंच उठणार नाही, नवीन इन्स्टॉल धरून चाला.

कोड ४३

एनव्हीडियाचे जुने ड्रायव्हर व्हीएम ओळखली की कार्ड चालवायला नकार देत, तोच हा कोड. एनव्हीडियाने २०२१ मध्ये ४६५ मालिकेच्या ड्रायव्हरपासून जीफोर्स कार्डांचा पासथ्रू अधिकृतपणे चालू दिला. केप्लर या जुन्या पिढीच्या कार्डांना ४७० मालिकेपर्यंतचे ड्रायव्हर मिळाले, त्यामुळे तिथे नुसता ड्रायव्हर बदलून काम होतं. फर्मी, म्हणजे जीटीएक्स ४०० आणि ५०० मालिका, ३९१ वरच थांबली. तिथे जुनीच युक्ती लागते: एक्सएमएलमध्ये केव्हीएम लपवायचं आणि हायपर-व्हीची (मायक्रोसॉफ्टच्या व्हर्च्युअलायझेशनची) व्हेंडर आयडी बदलायची.

रीसेट

व्हीएम बंद झाली की कार्ड कोऱ्या अवस्थेत परत यायला हवं. काही कार्डांना ते जमत नाही. एलएसपीसीआयमध्ये "अननोन हेडर टाइप ७एफ" दिसलं की समजा कार्ड बसपासून तुटलंय आणि होस्ट रीबूट केल्याशिवाय बहुधा येणार नाही. एएमडीची पोलारिस, व्हेगा आणि नावी १० ही कार्डं यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांच्यासाठी व्हेंडर-रीसेट हे बाहेरचं मॉड्यूल आहे. इतरांवर आधी गेस्टमध्येच डिव्हाइस डिसेबल करून मग शटडाउन करा, किंवा होस्ट झोपवून उठवा. त्या झोपेत कार्डाची वीज तुटते आणि कधीकधी ते शुद्धीवर येतं. व्हीएफआयओ-पीसीआयला डिसेबल_आयडल_डी३=१ देणं हाही बिनखर्चाचा प्रयत्न आहे. व्हीएम "फोर्स ऑफ" करायची सवय असेल तर ती मोडा, या दुखण्यात तिचा वाटा मोठा असतो.

कधी थांबायचं

बायोस अपडेट ही मी स्वतः करायची शेवटची पायरी मानतो. डीएमएआर किंवा आयव्हीआरएस टेबल चुकीचं असल्याचं कर्नल स्वतः सांगत असेल, आणि नव्या आवृत्तीच्या टिपणात त्याचा उल्लेख असेल, तरच करा. बोर्डाचं मॉडेल आणि रिव्हिजन दोन्ही जुळवून घ्या. वीज जायची शक्यता असेल तर करू नका. अपडेट अर्धवट राहून बोर्ड उठेनासा झाला तर तिथेच थांबा. चिप प्रोग्रामरने पुन्हा लिहिणं हे बोर्ड दुरुस्त करणाऱ्याचं काम आहे.

ग्राफिक्सवर ताण आला की अख्खा होस्ट खटकन बंद होत असेल, तर तो पासथ्रूचा दोष नाही. जुना पॉवर सप्लाय दमलाय किंवा बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेत. फुगलेला किंवा गळका कपॅसिटर दिसला तर मशीन चालवणं बंद करा आणि हार्डवेअर दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. पॉवर सप्लाय उघडू नका. केबल काढल्यावरही आत धोकादायक व्होल्टेज राहतं.

जुन्या सर्व्हरवर "प्लॅटफॉर्म आरएमआरआर रिक्वायरमेंट" असा नकार आला, तर फर्मवेअरने त्या कार्डासाठी मेमरीचा एक भाग स्वतःच्या देखरेखीच्या कामाला राखून ठेवलाय. कर्नलचा नकार रास्त आहे. तो नकार काढून टाकणारे पॅच मिळतात, पण त्यातून मेमरी बिघडली तर कळणारही नाही. सर्व्हर बनवणाऱ्याच्या सपोर्टला विचारा, काही मॉडेलवर ही राखण बंद करायची अधिकृत सोय असते. आणि मशीन कार्यालयाचं असेल, त्यावर इतरांच्या सेवा चालत असतील, तर स्लॉट बदलण्याच्या आधीच सिस्टीम अ‍ॅडमिनला गाठा.

कोणाकडेही जाताना या गोष्टी बरोबर न्या: बोर्डाचं मॉडेल आणि बायोस आवृत्ती, जी डीएमआयडीकोड देतो, एलएसपीसीआय -एनएनकेचा पूर्ण मजकूर, बूटपासूनचा अख्खा डीमेसेज, निवडक ओळी नव्हे, ग्रुपांची यादी, आणि कोणतं कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये आहे याचा, केसचं झाकण काढून घेतलेला एक फोटो.